काळी माती आणि उंच चाक

मृगाच्या चार दमदार सरी कोसळल्या, कीं उमरगा तालुक्यांतील शेतकऱ्याच्या मनांत दोन विचार एकदमच येतात. पहिला आनंदाचा: रान भिजलें, आतां पेरणी करतां येईल. दुसरा काळजीचा: शेताकडे जाणारी वाट आतां बंद झाली. जी माती पीक देते, तीच माती पावसाळ्यांत वाटेवर आडवी पडते. दाणागोटा घरीं आणावयाचा असो, आजाऱ्यास दवाखान्यांत न्यावयाचें असो, कीं ऊस कारखान्यावर पोंचवावयाचा असो, सर्व कांहीं अखेर चाकावर येऊन ठेपतें, आणि चाक चिखलावर.

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर उमरग्याच्या आसपास आज एखादी मोटार अशी जातांना दिसते, कीं पाहणाऱ्याची मान क्षणभर वळावी. मूळच्या उंचीपेक्षां तिची बैठक तीन-चार इंच वर चढविलेली असते, आणि तिला जाड खाचांचे मोठे टायर बसविलेले असतात. वडील माणसांस हा नव्या पिढीचा नवा छंद वाटतो. वस्तुतः यांत नवें तें लोखंड आणि रबर. प्रश्न फार जुना आहे. चाक किती उंच असावें, आणि त्या उंचीची किंमत कोणी व कशी द्यावी, हा प्रश्न काळ्या मातीनें येथील माणसास पिढ्यान्पिढ्या घातलेला आहे. त्याचीं निरनिराळ्या काळीं दिलीं गेलेलीं उत्तरें क्रमानें पाहिलीं, म्हणजे आजच्या उत्तराचें मोलहि नीट ठरवितां येतें.

आधीं मातीचा विचार केला पाहिजे. धाराशिव जिल्ह्याचा हा दक्षिणपूर्व भाग दख्खनच्या पठारावर वसलेला आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून येथील काळा पाषाण तयार झाला. ऊन, वारा आणि पाऊस यांनीं तो पाषाण झिजून त्याची काळी माती झाली. या मातींत चिकण कणांचें प्रमाण मोठें असून त्या कणांचा स्वभाव असा, कीं ते पाण्यानें फुगतात व उन्हानें आकसतात. म्हणूनच वैशाखांत या जमिनीला हात आंत जाईल अशा भेगा पडतात, आणि श्रावणांत तीच जमीन लोण्यासारखी मऊ होते. चालणाऱ्याच्या वहाणेला पावलागणिक माती चिकटत जाते व अखेर वहाण हातांत घ्यावी लागते. चाकाचीहि तीच गत. त्याच्याभोंवतीं मातीचा थर चढतो, खांचा बुजतात, आणि चाक पुढें जाण्याऐवजीं जागच्या जागीं घसरूं लागतें. कोंकणांतील तांबड्या मातीची किंवा माणदेशांतील मुरमाड जमिनीची ज्याला संवय आहे, त्याला या चिखलाची कल्पना पाहिल्यावांचून यावयाची नाहीं.

या चिखलाला पहिलें उत्तर दिलें तें गांवच्या सुतारानें आणि लोहारानें. जुन्या पद्धतीच्या बैलगाडीचीं चाकें उभ्या माणसाच्या छातीपर्यंत पोंचतील इतकीं मोठीं असत. मध्यें लांकडी तुंबा, तुंब्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांवर बाभळीच्या लांकडाचा घेर, आणि घेरावर लोखंडी धाव. ही धाव चढविणें हें कौशल्याचें काम होतें. ती लाल होईपर्यंत तापवावयाची, चिमट्यांनीं उचलून चाकावर बसवावयाची, आणि लगेच तिच्यावर पाणी ओतावयाचें. थंड होतांना लोखंड आकसे आणि सगळें चाक करकचून आवळलें जाई.

चाक इतकें मोठें कां करीत, याचीं कारणें दोन. पहिलें कारण असें, कीं खड्डा किंवा दगड आडवा आला असतां लहान चाक त्याला धडकतें, तर मोठें चाक त्याच्यावर हलकेच चढतें. दुसरें कारण त्याहून महत्त्वाचें. दोन्ही चाकांस जोडणारा आंस चाकाच्या बरोबर मध्यावर असतो. तेव्हां चाक जितकें उंच, तितका आंस जमिनीपासून दूर. चाक चिखलांत वीतभर रुतलें तरी बैल तें ओढून काढतील, पण आंसच चिखलाला टेकला, तर गाडी नांगरासारखी माती लोटूं लागते आणि मग बैलांची ताकद कांहीं कामाची राहात नाहीं. चाक रुतलें तरी चालेल, आंस टेकतां कामा नये. हें तत्त्व ज्या सुतारानें जाणलें, त्यानें कोणत्याहि शाळेंत गतिशास्त्र शिकलेलें नव्हतें.

परंतु ही उंची फुकट मिळत नव्हती. मोठ्या चाकाला लांब आरे लागत, लांब आऱ्यांस जड तुंबा लागे, आणि जड चाकाला बळकट बैलजोडी लागे. भार उंच गेल्यामुळें गाडी कलंडण्याचें भय वाढे, म्हणून कडब्याची गाडी भरतांना जाणता माणूस ती दोन्ही बाजूंस सारखी तोलून भरी व दोरानें आवळी. अरुंद लोखंडी धाव ओल्या जमिनींत खोल कापीत जाई. मराठींतील ‘चाकोरी’ हा शब्द याच धावेनें वाटेवर कोरून ठेवला आहे. एका गाडीची चाकोरी दुसऱ्या गाडीचा मार्ग ठरवी, आणि चाकोरी खोल होत गेली, कीं उंच चाकाचाहि आंस अखेर टेकेच.

दुसरें उत्तर परदेशांतून आलें. १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यांनीं बेलफास्ट येथें हवा भरलेल्या रबरी टायराचें पेटंट मिळविलें. त्यांच्यासमोर सायकल होती, बैलगाडी नव्हे. तरी पुढें हाच टायर मोटारींस लागला, आणि यथाकाल बैलगाडीसहि लागला. महाराष्ट्रांत जिला टायरगाडी म्हणतात, तिचें चाक जुन्या चाकाच्या मानानें बुटकें, पण रुंद. डांबरी व खडीच्या रस्त्यावर ती हलकी चाले, त्याच बैलांना अधिक ओझें ओढतां येई, आणि रस्ताहि कापला जात नसे. मात्र भर पावसाळ्यांत काळ्या रानांत शिरली, कीं तिचा आंस लवकर टेके. अशा रीतीनें चिखलावर दोन उपाय माणसाच्या हातीं आले. एक उंचीचा, दुसरा रुंदीचा. उंच चाक आंसाला वांचवितें. रुंद चाक ओझें अधिक जमिनीवर पसरवून रुतणें कमी करतें. यापुढील सर्व इतिहास या दोन उपायांच्या जोडणीचा आहे.

तरीहि चाकापेक्षां रस्ता श्रेष्ठ, हें उमरग्यानें १९४८ सालीं प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलें. हा भाग तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १३ सप्टेंबर रोजीं भारतीय सैन्यानें सोलापूरच्या बाजूनें संस्थानांत प्रवेश केला. या मोहिमेचें नांव ऑपरेशन पोलो, आणि सोलापूरकडील मुख्य फौजेचें नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे होतें. नळदुर्गाजवळ बोरी नदीवर पूल आहे. तो शाबूत हातीं येणें ही पहिली निकड होती, आणि सैन्याच्या ७ व्या ब्रिगेडनें अचानक चाल करून तो ताब्यांत घेतला. सकाळीं नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटास पोंचली. तेथून लेफ्टनंट कर्नल रामसिंग यांच्या हाताखालील फौज पुढें निघाली. तींत मोटारींतून जाणारी ९ डोगरा ही पलटण होती. दुपारीं सव्वातीनच्या सुमारास ही फौज उमरग्यांत दाखल झाली आणि तेथील रझाकारांचा प्रतिकार तिनें मोडून काढला. संस्थानच्या सरहद्दीपासून हें अंतर ६१ किलोमीटरांचें. दुसऱ्या दिवशीं फौज पूर्वेस ४८ किलोमीटरांवरील राजेश्वराकडे निघाली, आणि १७ सप्टेंबरला निजामानें युद्धबंदी जाहीर केली. त्या दिवसांच्या अलीकडे रझाकारांच्या अत्याचारांनीं आणि पलीकडे सूडाच्या हिंसेनें या जिल्ह्यानें पुष्कळ सोसलें, हेंहि विसरतां येत नाहीं.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें या हकीकतींतील दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. एक महिना, दुसरी तो पूल. सप्टेंबर म्हणजे काळें रान पाणी पिऊन फुगलेलें असतें. अशा वेळीं जड वाहनांनीं भरलेल्या फौजेचें सारें बळ पक्क्या सडकेवर अवलंबून असतें. एका दिवसांत साठ किलोमीटरांची मजल मारणाऱ्या त्या वाहनांचा वेग हा त्यांच्या यंत्रांचा होता, तितकाच पायाखालच्या खडीचा आणि शाबूत पुलाचा होता.

सडक सोडून जाणारें वाहनहि त्या काळीं जन्मास आलेलें होतें. तेंच जीप. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें हलक्या, चारही चाकांनीं ओढणाऱ्या टेहळणीच्या गाडीची मागणी केली. पेन्सिल्व्हेनियांतील बॅन्टम कंपनीनें आपला पहिला नमुना त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत सैन्याच्या स्वाधीन केला. पुढें विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनीं महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. या गाडीचीं मापें पाहिलीं, म्हणजे आजच्या वाचकास नवल वाटेल. तिचा टायर केवळ ६ इंच रुंद व १६ इंच रिमचा होता. तिच्या आंसाखालीं जमिनीपासून मोकळी जागा होती सुमारें पावणेनऊ इंच. एंजिन साठ अश्वशक्तीचें. म्हणजे जीप ही कांहीं फार उंच गाडी नव्हती. ती जेथें जाई तेथें ती जाऊं शके याचें कारण तिचा हलकेपणा, चारही चाकांस मिळणारी ओढ, आणि पुढें-मागें चाकाबाहेर फारसें न आलेलें अंग. उंची, वजन आणि ओढ यांचा मेळ हेंच तिचें मर्म होतें.

उंची न वाढवितांहि मऊ जमीन ओलांडतां येते, हें त्याच महायुद्धांत दुसऱ्या एका ठिकाणीं सिद्ध झालें. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्यानें १९४० सालीं ईजिप्तमध्यें वाळवंटांत दूरवर टेहळणी करणारें पथक उभारलें. वाळूंत रुतणाऱ्या मोटारींसाठीं त्यानें योजलेला एक उपाय अगदीं बिनखर्चाचा होता: टायरांतील हवा कमी करावयाची. हवा कमी झाली, कीं टायर पसरतो, अधिक वाळूवर टेकतो आणि कमी रुततो. रुतलेल्या चाकाखालीं घालण्यास लोखंडी पन्हळी बरोबर ठेवावयाच्या, ही दुसरी युक्ति. बैलगाडीला रुंद रबरी चाक लावणारा कारागीर आणि वाळवंटांतील हा अधिकारी, दोघेहि एकाच तत्त्वापर्यंत निरनिराळ्या वाटांनीं पोंचले होते.

जीप महाराष्ट्राची झाली ती मुंबईमार्गें. के. सी. महिंद्रा व जे. सी. महिंद्रा हे बंधु आणि मलिक गुलाम महंमद यांनीं १९४५ सालीं एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले, आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव महिंद्रा अँड महिंद्रा असें झालें. विलिस जीपचे सुटे भाग आणून त्या मुंबईंत जोडण्याचें काम याच कंपनीनें त्या दशकाच्या अखेरीस हातीं घेतलें, आणि पुढें जीप येथेंच बनूं लागली. मराठवाड्याच्या खेड्यांत जीप म्हणजे सरकार, असें एक समीकरण कित्येक वर्षें होतें. तहसीलदार, पोलीस अधिकारी, देवी काढणारे डॉक्टर, निवडणुकीच्या मतपेट्या, हे सारे जीपनेंच येत.

सरकारी कामांतून निवृत्त झालेल्या जीप गाड्या मग उतारूंच्या वाहतुकींत शिरल्या. जितक्या माणसांसाठीं ती बांधली, त्याच्या दुप्पट माणसें तींत बसूं लागलीं. मागचे पाटे दबून गाडीचें शेपूट खालीं जाई. म्हणून रस्त्याकडेच्या मिस्त्र्यानें पाट्यांच्या जुडग्यांत आणखी एक पाटा घालावयाचा, ही रीत पडली. गाडी त्यानें वर उचलली जाई आणि दणकटहि होई. मात्र रिकामी असतांना ती दगडासारखी आपटे. आज ज्याला गाडीची लिफ्ट करणें म्हणतात, त्याचा या भागांतील पहिला पाठ हाच होय. तो हौसेनें गिरविलेला नव्हता, ओझ्यानें गिरविलेला होता.

आतां आजच्या उंच मोटारीकडे वळतां येईल. तिच्यांत दोन निरनिराळे फेरफार असतात, आणि बहुतेक लोक ते एकच समजतात. पहिला फेरफार म्हणजे स्प्रिंग किंवा पाटे बदलून अथवा मध्यें ठोकळे घालून गाडीचें अंग वर उचलणें. दुसरा म्हणजे मोठे टायर बसविणें. अखंड आंसाच्या गाडींत पहिल्या फेरफारानें उचललें जातें तें केवळ अंग. आंस जेथें होता तेथेंच राहतो. आंसाच्या मध्यभागीं असलेला डिफरन्शियलचा लोखंडी गोळा हाच गाडीचा सर्वांत खालचा भाग. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर घासतो तो हाच. त्याला वर उचलण्याचा मार्ग एकच, मोठें चाक. सुताराचें जुनें तत्त्व येथें जसेंच्या तसें लागू पडतें. अंग वर करावयाचें तें मुख्यतः अशासाठीं, कीं मोठें चाक मडगार्डला न घासतां फिरावें.

एक उदाहरण घेतां येईल. महिंद्रा कंपनीनें जुन्या जीपचा वारसा सांगणारी थार ही गाडी २०१० सालीं बाजारांत आणली, आणि तिचा नवा अवतार २०२० सालीं आणला. या नव्या गाडीची जमिनीपासूनची मोकळी उंची २२६ मिलिमीटर, म्हणजे सुमारें नऊ इंच आहे. युद्धकालीन जीपपेक्षां ही किंचितच अधिक. तिच्या एका प्रकाराला येणारा टायर २४५ मिलिमीटर रुंदीचा, रुंदीच्या ७५ टक्के उंच बगलेचा आणि १६ इंच रिमचा आहे. हिशेब केला असतां त्याचा व्यास सुमारें साडेतीस इंच भरतो. हौशी मालक त्याजागीं ३३ इंच व्यासाचा टायर घालतो. व्यासांत वाढ झाली अडीच इंचांची. परंतु आंस चाकाच्या मध्यावर असल्यामुळें तो वर गेला फक्त सव्वा इंच. एवढ्या खटाटोपाचें आंसाच्या पदरीं पडलेलें फळ सव्वा इंच आहे, ही गोष्ट प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी. काळ्या रानांत सव्वा इंचहि कधीं कधीं मोलाचा ठरतो, पण तो सव्वाच इंच असतो.

याची किंमतहि अंकगणितानें काढतां येते. ३३ इंचाचें चाक एका फेऱ्यांत मूळ चाकापेक्षां सुमारें आठ टक्के अधिक अंतर तोडतें. म्हणून वेगदर्शक काटा साठ दाखवीत असतां गाडी वस्तुतः पासष्टच्या वेगानें जात असते. जें अंतर चाकानें मिळविलें, तें ओढीनें गमावलें. चढावर व चिखलांत चाकाला मिळणारा जोर तितकाच उणा होतो. टायर जड झाल्यामुळें ब्रेकवर ताण येतो आणि गाडी थांबावयास अधिक जागा लागते. तोलाचा प्रश्न तर त्याहून गंभीर. समजा, डाव्या व उजव्या चाकांतील अंतर ६० इंच आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० इंचांवर आहे. निम्म्या अंतराला उंचीनें भागलें असतां भागाकार बरोबर एक येतो. आतां गाडी चार इंच उचलली, तर तीसला चौतीसनें भागावें लागेल. उत्तर येतें ०.८८. वळणावर उलटण्यास विरोध करणारी शक्ति बारा टक्के कमी झाली. कडब्याच्या गाडीवर दोर आवळणाऱ्या शेतकऱ्याला हा भागाकार ठाऊक नव्हता, पण त्याचें उत्तर ठाऊक होतें.

उंचीची हांव एकदां सुटली म्हणजे ती कोठें थांबते, याचें उदाहरण अमेरिकेंत पाहावयास मिळतें. सेंट लुईस येथील बॉब चँडलर यांचें रानांत जाणाऱ्या मोटारींच्या सामानाचें दुकान होतें. १९७० च्या दशकांत त्यांनीं आपल्या फोर्ड ट्रकला मोठे टायर लावले. टायर मोठे झाल्यावर आंस मोडूं लागले, म्हणून लष्करी ट्रकांचे आंस आणले. ते बळकट आंस बसल्यावर आणखी मोठे टायर लावावेसें वाटलें. असें करतां करतां ‘बिगफूट’ नांवाचा तो ट्रक साडेपांच फूट व्यासाच्या चाकांवर उभा राहिला, आणि १९८० च्या दशकांत मैदानांत जुन्या मोटारी चिरडून दाखवूं लागला. त्यांतून एक नवाच तमाशा जन्मास आला व लोकांची त्यानें करमणूक केली. परंतु चिखलांतून वाट काढण्याशीं त्याचा संबंध तोंपर्यंत सुटला होता. गरजेनें उचललेलें चाक आंसापाशीं थांबतें. मिरवण्यासाठीं उचललेल्या चाकाला थांबण्याची जागा नसते.

भारतांत या बाबतींत कायद्यानेंहि मर्यादा घातली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, उत्पादकानें ठरविलेल्या मूळ तपशिलाहून नोंदणीपुस्तकांतील तपशील निराळा होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. इंधनबदलाचीं मान्य साधनें किंवा अपंगांच्या सोयीचे फेरफार यांसाठीं वाट ठेवलेली आहे. सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. हौशी मंडळींस हा नियम जाचक वाटतो. परंतु उलटलेल्या मोटारींत मालक एकटाच नसतो, आणि समोरून येणाऱ्या माणसानें तर तो टायर निवडलेला नसतो, हें पाहिलें म्हणजे नियमाचें कारण कळतें. ज्यांना खरोखर रानांत गाडी घालण्याची विद्या शिकावयाची आहे, त्यांच्यासाठीं इगतपुरीजवळ महिंद्रा कंपनीनें शिक्षणाचें मैदान उभारलेलें आहे. तेथें जाणाऱ्यास लवकरच समजतें, कीं पहिला धडा गाडीचा नसून चालविणाराचा असतो. खाली उतरून वाट पाहणें, हवा कमी करणें, मंद वेग धरणें, आणि एकट्यानें न जाणें.

हें सर्व खरें असलें, तरी चाकाची उंची हा केवळ हौसेचा विषय नव्हे, हें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटेनें उमरग्यास शिकविलें. आदल्या रात्रीं गणपतीचें विसर्जन करून लोक झोंपीं गेलेले होते. चार वाजावयास कांहीं मिनिटें असतां भूकंप झाला. किल्लारी, आणि तेव्हां उमरगा तालुक्यांत असलेलें व आतां लोहारा तालुक्यांत मोडणारें सास्तूर, अशीं गांवेंच्या गांवें दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. मदतीस सैन्य आलें, दूरदूरहून स्वयंसेवक आले. परंतु उध्वस्त गांवें हमरस्त्यावर नव्हतीं. तीं आंत, काळ्या रानांत होतीं, आणि त्या दिवसांत पावसानेंहि मदतकार्यांत अडथळा आणला. हमरस्ता आणि ढिगारा यांच्यामधील जीं कांहीं थोडीं मैलें असतात, त्यांवर अशा वेळीं जीवमरण अवलंबून असतें. तेथें चारही चाकांनीं ओढणारी, आंस न टेकणारी गाडी ही चैन नसून साधन असतें.

म्हणून उमरग्याच्या मातीचा हा इतिहास उंच चाकाची थट्टा करीत नाहीं, आणि त्याची आरतीहि करीत नाहीं. तो एवढेंच सांगतो, कीं उंची हा मातीला दिलेला कर आहे. माती मागेल तेथें तो दिलाच पाहिजे. ती मागत नसतां दिला, तर तो तोलांत, ब्रेकांत आणि कधीं प्राणांतहि वसूल होतो. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ वर, म्हणजे ज्या सडकेनें १९४८ सालीं फौज उमरग्यांत आली त्याच मार्गावर, आज डांबर आहे. तेथें चार इंच उंच गाडीला कांहीं जिंकावयाचें उरलेलें नाहीं.

खरा प्रश्न त्या महामार्गापासून शेताच्या बांधापर्यंतच्या वाटेचा आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं शेतरस्ते व पाणंद रस्ते यांसाठीं मातोश्री ग्रामसमृद्धि ही योजना काढली, ती याच जाणिवेनें. उमरगा तालुक्यांत मुरूम नांवाचें गांव आहे, आणि ज्या लालसर भरड मातीनें पाणंद पक्की करतात तिलाहि मुरूमच म्हणतात. गाडी उंच करण्यास लागणाऱ्या पैशांत किती हात वाटेवर मुरूम पडेल, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. उंच गाडी एका घराला चिखलापार नेते. पक्की पाणंद शाळेंत जाणाऱ्या पोराला, बाळंतिणीला, उसाच्या ट्रॉलीला आणि शेजाऱ्यालाहि नेते. जुन्या सुतारानें आंस वर उचलला, कारण वाट उचलणें त्याच्या हातीं नव्हतें. आजच्या पिढीच्या हातीं दोन्ही गोष्टी आहेत.